गळका कार्ब्युरेटर : थेंबाचा हिशेब आणि रात्रीची खबरदारी

परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, गंगाखेड या गावांतील व्यापारी घरांची जुनी रचना बहुतेक वाचकांच्या परिचयाची आहे. पुढे दुकान किंवा पेढी, मागे राहते घर, आणि मधल्या बोळात अथवा शटरच्या आत रात्री उभी केलेली स्कूटर. सकाळी शटर वर करताच पेट्रोलचा वास यावा, स्कूटरखालची फरशी ओलसर दिसावी आणि घरातील थोरल्यांनी “परवाच तर टाकी भरली होती” असे म्हणावे, हा प्रसंग या घरांना नवा नाही. पुष्कळदा त्यावर पोते किंवा पुठ्ठा टाकला जातो, पेट्रोलचा कॉक बंद केला जातो आणि विषय पुढच्या रविवारवर ढकलला जातो.

हा विषय पुढे ढकलण्यासारखा नाही, याची दोन कारणे आहेत. पहिले कारण हिशेबाचे आहे. महाराष्ट्रात पेट्रोल सर्वांत महाग कोठे, असा प्रश्न निघाला की परभणीचे नाव वारंवार पुढे येते. मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून सुमारे तीनशे किलोमीटरचे अंतर टँकरने तोडून येथे इंधन येते आणि त्या वाहतुकीचा भार दरावर पडतो. एप्रिल २०२२ मध्ये परभणीत पेट्रोलचा दर लिटरमागे १२३ रुपयांच्या वर गेला होता. पेट्रोलचा थेंब पाण्याच्या थेंबापेक्षा लहान असतो. एका मिलिलिटरमध्ये पन्नासच्या आसपास थेंब मावतात असे धरले, तरी दर दोन सेकंदांना एक थेंब या गतीने तासाला सुमारे ३६ मिलिलिटर आणि दहा तासांच्या रात्रीत साडेतीनशे मिलिलिटरहून अधिक पेट्रोल वाया जाते. महिनाभर हेच चालले तर दहा लिटरांच्या पुढे. घरातील कोणत्याही खतावणीत हा खर्च स्वतंत्रपणे दिसत नाही; तो ‘पेट्रोल’ या एकाच सदरात लपून राहतो.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. ज्या बोळात हे पेट्रोल ठिबकते, तेथेच कापडाचे तागे, कापसाची रुई, तेलाचे डबे, पुठ्ठ्याची खोकी असतात आणि भिंतीपलीकडे घरातील माणसे निजलेली असतात.

आधी सुरक्षितता, मग पाना

पेट्रोल स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते. आणि ही वाफ थंडीच्या रात्रीही तयार होत राहते. शून्याखाली चाळीस अंश तापमानालाही पेटण्याजोगी वाफ पेट्रोलवर तयार होऊ शकते. शिवाय ती हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. त्यामुळे ती वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही, तर फरशीलगत पसरते, उंबरठा ओलांडून शेजारच्या खोलीत शिरते आणि सखल कोपऱ्यात साठून राहते. स्कूटरपासून दहा-बारा फुटांवर जमिनीलगत ठेवलेला दिवा, जळती उदबत्ती, गॅसची शेगडी किंवा फ्रिज सुरू होताना उडणारी बारीकशी ठिणगी तिला पुरेशी होते.

म्हणून बंद जागेत पेट्रोलचा तीव्र वास येताच प्रथम काही गोष्टी टाळाव्यात. विजेचे बटण दाबू नये, चालू असेल ते बंदही करू नये. पंखा लावून वास घालवण्याचा मोह आवरावा. दिवा, उदबत्ती व शेगडी वाफ पोचली नसेल अशा जागी असतील, तर ती विझवावीत. ओल्या जागेजवळ मात्र त्यांच्याशी खटपट करत बसू नये. दारे-खिडक्या उघडाव्यात, लोखंडी शटर हळूच वर घ्यावे आणि लहान मुलांना बाहेर न्यावे. स्कूटर सुरू न करता ढकलत मोकळ्या जागी आणावी व पेट्रोलचा कॉक बंद करावा. सांडलेल्या पेट्रोलवर कोरडी वाळू किंवा माती टाकावी आणि ती भरून बाहेर उघड्यावर ठेवावी. पेट्रोलने भिजलेली चिंधी कचऱ्याच्या टोपलीत कोंबू नये. आग लागलीच तर पाणी मारू नये, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगत आगीसह पुढे सरकते. अशा वेळी वाळू किंवा कोरड्या भुकटीचे अग्निशामक नळकांडेच उपयोगी पडते. कापड, किराणा किंवा रुईचा व्यापार असणाऱ्या प्रत्येक दुकानात असे एक नळकांडे असावे आणि ते वापरता येणारी घरात किमान दोन माणसे असावीत.

आत काय चालते

कार्ब्युरेटर हा शब्द मोठा वाटतो, परंतु त्याचे काम समजायला सोपे आहे. इंजिनाला नुसते पेट्रोल चालत नाही. हवेत मिसळलेला त्याचा बारीक तुषार लागतो. इंजिन हवा ओढते, ती हवा एका अरुंद मार्गातून वेगाने जाते, त्या ठिकाणी दाब घटतो आणि खालच्या वाटीतील पेट्रोल ‘जेट’ नावाच्या सूक्ष्म छिद्रातून वर ओढले जाऊन हवेत मिसळते. जर्मन अभियंता विल्हेल्म मायबाख याने १८९३ च्या सुमारास रूढ केलेली ही रचना शंभर वर्षांहून अधिक काळ जगभरच्या वाहनांत टिकली.

गळतीचा संबंध बहुतेक वेळा त्या खालच्या वाटीशी असतो. तिला फ्लोट चेंबर म्हणतात. घराच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीत बॉल कॉक असतो. पाणी चढते तसा गोळा वर उचलला जातो आणि नळ बंद होतो. फ्लोट चेंबरमध्ये नेमके हेच घडते. वाटीत पेट्रोल चढले की फ्लोट तरंगत वर येतो आणि एक लहान टोकदार निडल वर दाबून पेट्रोलची वाट बंद करतो. पेट्रोल वापरले गेले की फ्लोट खाली जातो, निडल सुटते आणि वाट पुन्हा उघडते. ही निडल पुरती बसली नाही, तर गच्चीवरील टाकी जशी ओसंडते, तशी ही वाटी ओसंडू लागते. ओसंडलेले पेट्रोल इंजिनात जाऊ नये म्हणून बहुतेक कार्ब्युरेटरांना एक ओव्हरफ्लोची नळी दिलेली असते. गॅरेजमध्ये “कार्ब्युरेटर ओव्हर होतोय” असे म्हणतात, त्याचा अर्थ हाच.

गळते कोठून, हे आधी पाहावे

गळती दिसताच नवा कार्ब्युरेटर आणणे म्हणजे नळ ठिबकतो म्हणून टाकी बदलणे होय. दुरुस्तीचा निम्मा भाग गळतीची जागा नक्की करण्यात असतो आणि हे काम घरच्या माणसालाही करता येते.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, दिवसाच्या उजेडात, उघड्यावर स्कूटर मधल्या स्टँडवर सरळ उभी करावी. बाजूच्या स्टँडवर ती कलते, फ्लोटही तिरका होतो आणि काही गाड्यांत तेवढ्यानेच थोडे पेट्रोल ओसंडते. ते दोषाचे लक्षण नव्हे. कार्ब्युरेटर व नळ्या कोरड्या चिंधीने स्वच्छ पुसाव्यात आणि खाली कोरा पुठ्ठा ठेवावा. मग कॉक उघडून पाच-दहा मिनिटे शांतपणे पाहावे. सर्वांत उंच ओली जागा हीच गळतीची जागा असते, कारण पेट्रोल तेथून खाली ओघळते. थेंब पडतो ती जागा पुष्कळदा फसवी असते.

टाकीकडून येणारी रबरी नळी वरच्या टोकाशी ओली असेल, तर नळी कडक होऊन तडकली आहे किंवा तिची क्लिप सैल झाली आहे. वाटी आणि वरचा भाग यांच्या सांध्यात ओल असेल, तर मधले पॅकिंग वाळले आहे किंवा स्क्रू ढिले आहेत. वाटीच्या अगदी तळाशी असलेल्या ड्रेन स्क्रूवरून थेंब पडत असेल, तर तो नीट बसलेला नाही. हे तीन दोष अल्प खर्चाचे आहेत. ओव्हरफ्लोच्या नळीतून किंवा एअर फिल्टरच्या बाजूने पेट्रोल येत असेल, तर मात्र दोष वाटीच्या आत, म्हणजे निडल व फ्लोटमध्ये आहे असे समजावे.

निडल, बैठक आणि फ्लोट

आतल्या दोषांपैकी सर्वांत सामान्य दोष म्हणजे निडलच्या बैठकीत अडकलेला कचऱ्याचा कण. अशा वेळी जुने मेकॅनिक एक साधा उपाय करतात. स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने वाटीच्या बाजूला दोन-तीन हलके टोले दिले की अडकलेला कण सुटतो आणि गळती थांबते. त्यानंतर ड्रेन स्क्रू सैल करून वाटीतील पेट्रोल एका धातूच्या भांड्यात काढावे. त्यात गंजाची तांबूस पूड, पाण्याचे गोळे किंवा बारीक काळे कण दिसले, तर रोगाचे मूळ टाकीत आहे. अशा स्थितीत केवळ कार्ब्युरेटर धुऊन भागत नाही. टाकी साफ करून पेट्रोलच्या वाटेवर गाळणी बसवावी लागते. नाहीतर आठवडाभरात तीच गळती पुन्हा सुरू होते आणि दोष मेकॅनिकच्या माथी येतो.

कण निघूनही ठिबकणे थांबले नाही, तर वाटी उघडावी लागते. निडलचे टोक बोटाने चाचपून पाहावे. नव्या निडलचे टोक गुळगुळीत असते; वापरलेल्या टोकावर बैठकीच्या दाबाने कडे उमटते. हे कडे नखाला जाणवत असेल, तर निडल बदलावी आणि शक्य असेल तेथे बैठकही सोबतच बदलावी. जुन्या बैठकीवर नवी निडल अनेकदा नीट बसत नाही.

फ्लोट कानाजवळ नेऊन हलवावा. आत पेट्रोल खळखळले, तर त्याला छिद्र आहे. तो जड होऊन पुरेसा तरंगत नाही व निडल बंद करू शकत नाही. शंका असल्यास फ्लोट गरम पाण्यात बुडवावा. छिद्रातून बुडबुडे निघतात. पाणी मात्र आधी दुसरीकडे गरम करून, शेगडीपासून दूर आणून घ्यावे. पितळी फ्लोटला डाग देण्याची जुनी रीत आता सोडून द्यावी. आत शिरलेले पेट्रोल किंवा त्याची वाफ तापताच भडका उडू शकतो.

क्वचित फ्लोटची उंची बिघडलेली असते. निडलला दाबणारी त्याची पत्री जीभ किंचित वाकली, तरी पेट्रोलची पातळी चढते. ही उंची गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते आणि ती अंदाजाने लावायची नसते. जेटच्या छिद्रात तार किंवा टाचणी घालणे हीसुद्धा सर्वत्र आढळणारी चूक आहे. छिद्र केसभर मोठे झाले, तरी गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. जेट हवेच्या दाबानेच साफ करावेत. धुण्यासाठी वापरलेले पेट्रोल गटारात वा झाडाखाली ओतू नये. गॅरेजमध्ये ते द्यावे.

कॉकचा दोष आणि ऑइलची तपासणी

महाराष्ट्रातील दुचाकीचा इतिहास येथे थोडा उपयोगी पडतो. १९७२ हे वर्ष त्यात ठळक आहे. बजाजची चेतक त्याच वर्षी आली, आणि कायनेटिक इंजिनिअरिंगची ५० सीसीची लुनाही त्याच वर्षी. कायनेटिकचे संस्थापक हस्तीमल फिरोदिया हे अहमदनगरच्या, आजच्या अहिल्यानगरच्या, जैन कुटुंबातील. १९८४ मध्ये याच समूहाने जपानच्या होंडासह कायनेटिक होंडा आणली आणि गियर नसलेली, बटणाने सुरू होणारी स्कूटर घरातील स्त्रियांच्याही हाती आली.

चेतक व लुना या गाड्यांना पेट्रोलचा कॉक हाताने फिरवावा लागे. गाडी लावताना कॉक बंद करण्याची जुन्या पिढीची सवय कंजूषपणाची नव्हती. निडल गळकी असली, तरी त्या सवयीने रात्र सुरक्षित जाई. पुढे आलेल्या अनेक गियरलेस स्कूटरांत कॉक आपोआप चालू लागला. इंजिन फिरताना निर्माण होणाऱ्या ओढीने त्यातील रबरी पडदा उघडतो आणि इंजिन बंद होताच मिटतो. हाताने बंद करण्याची सोय नाहीशी झाली, आणि तिच्याबरोबर सवयही. हा पडदा फाटला किंवा ताठरला, तर इंजिन बंद असतानाही पेट्रोल वाहत राहते. म्हणून आपोआप चालणारा कॉक असलेली स्कूटर उभी असतानाही गळत असेल, तर दोष दोन ठिकाणी आहे असे धरावे. निडल गळते आहे आणि कॉकही मिटत नाही. एकट्या निडलवर पैसे खर्च करून दुसरा दोष तसाच ठेवू नये. तपासणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून कार्ब्युरेटरकडील नळी सोडवावी व तिचे टोक धातूच्या भांड्यात धरावे. काही क्षणांनंतरही धार किंवा ठिबक चालूच राहिली, तर कॉक बिघडला आहे.

चार स्ट्रोकच्या स्कूटरमध्ये आणखी एक गोष्ट पाहिल्याशिवाय किक मारू नये. ओसंडलेले पेट्रोल कधी बाहेर न येता इंजिनात उतरते आणि ऑइलमध्ये मिसळते. ऑइलची पट्टी काढून पाहावी. पातळी खुणेच्या वर गेली असेल, ऑइल पाण्यासारखे पातळ दिसत असेल व त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर गळती दुरुस्त करून ऑइलही बदलावे. पातळ झालेले ऑइल इंजिनाला वंगण देऊ शकत नाही. काही रुपयांच्या निडलकडे केलेले दुर्लक्ष शेवटी इंजिन उघडण्याच्या हजारोंच्या बिलावर येऊन थांबते. किक मध्येच अडकून खाली जात नसेल, तर जोर करू नये. सिलिंडरमध्ये पेट्रोल भरलेले असू शकते. अशी गाडी मेकॅनिककडे ढकलतच न्यावी.

या भागातील विशेष कारणे

परभणी जिल्ह्यात ही तक्रार वाढवणाऱ्या काही गोष्टी आहेत. मानवत, सेलू, परभणी हा कापसाचा पट्टा. जिनिंगच्या हंगामात हवेत तंतू तरंगतात, काळ्या मातीची बारीक धूळ वर्षभर उडते, आणि टाकीचे झाकण सैल असेल तर दोन्ही आत जातात. उन्हाळ्यात पारा बेचाळीस अंशांच्या पुढे चढतो. उन्हात उभ्या गाडीची रबरी नळी व पॅकिंग लवकर वाळतात.

लांबच्या यात्रेमुळे, लग्नसराईमुळे किंवा मुले शिक्षणासाठी बाहेरगावी गेल्यामुळे एखादी स्कूटर दोन-तीन महिने उभीच राहते. वाटीतील पेट्रोल हळूहळू उडून जाते आणि मागे चिकट पिवळसर थर उरतो. निडल त्यात चिकटते, आणि पुन्हा पेट्रोल सोडताच वाटी ओसंडते. गाडी दीर्घकाळ उभी ठेवायची असल्यास वाटीतील पेट्रोल ड्रेन स्क्रूने काढून ठेवावे. पाच मिनिटांचे हे काम पुढची दुरुस्ती वाचवते.

पेट्रोलही बदलले आहे. इथेनॉलचे मिश्रण २०२२ मध्ये देशभरात सरासरी दहा टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोचले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुन्या गाड्यांतील काही रबरी भाग त्याने फुगतात किंवा कडक होतात. म्हणून जुन्या स्कूटरची नळी, पडदा व पॅकिंग बदलताना नव्या पेट्रोलला चालणाऱ्या रबराचेच भाग मागावेत.

गॅरेजमध्ये काय विचारावे

व्यापारी माणूस माल पाहिल्याशिवाय सौदा करीत नाही. तीच रीत येथेही ठेवावी. “भाऊ, गळते कोठून ते आधी दाखवा, आणि काढलेली निडल हातात द्या,” एवढे नम्रपणे म्हटले, तरी काम नीट होते. कार्ब्युरेटरच्या अंगावर बनवणाऱ्या कंपनीचे नाव कोरलेले असते. केहिन, मिकुनी, स्पाको अशी नावे त्यावर दिसतात. निडल व पॅकिंग त्याच बनावटीचे घ्यावे, कारण दिसायला सारखी असलेली निडल लांबीला किंचित निराळी असते. काम झाल्यावर कॉक उघडा ठेवून दहा मिनिटे गॅरेजमध्येच थांबावे आणि खालचा पुठ्ठा कोरडा आहे याची खात्री करूनच पैसे द्यावेत. दुसरीकडे, तरबेज मेकॅनिकने अर्ध्या तासात केवळ एक कण काढून गळती थांबवली, तर “काही बदलले तर नाही” म्हणून त्याची मजुरी कापू नये. दोष अचूक सापडला, याचेच ते मोल आहे.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम देशभर लागू झाले आणि नव्या स्कूटरांत कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. फेब्रुवारी २०२४ मध्ये लुनाही विजेवर चालणारी होऊन परत आली. तरीही २०२० पूर्वीच्या असंख्य स्कूटर आज बाजारात, शेताच्या वाटेवर आणि मानवत रोड स्टेशनपर्यंतच्या फेऱ्यांत रोज धावत आहेत. त्या आणखी कित्येक वर्षे धावतील. मात्र त्यांना आठवड्यातून एकदा वाकून खाली पाहणारा डोळा हवा. रात्री शटर ओढण्यापूर्वी गल्ला, कुलपे व दिवे पाहण्याची रीत प्रत्येक पेढीवर आहे. त्याच फेरीत स्कूटरखालची फरशी कोरडी आहे ना, हेही पाहावे. आणि ती ओली दिसली, तर त्या रात्री गाडी आत घेऊ नये.